गादीखालून आलेला आवाज

"एकापासून मोठ्याने आकडे म्हणा. मी थांबा म्हणेपर्यंत थांबू नका," डॉक्टर म्हणाले.

बुलढाण्याच्या त्या दवाखान्यात मेंदूचे डॉक्टर संभाजीनगरहून ठरलेल्या वारी येतात. भर दुपार होती. वर पंखा फिरत होता, बाहेर नंबरासाठी भांडणं चालली होती. मी आकडे म्हणायला लागले. सुरुवातीचे आकडे माझे होते, खणखणीत. आमची पिठाची गिरणी आहे, चिखलीजवळ उंद्रीत. चालू गिरणीवरून गिऱ्हाइकाला हाक मारणारी बाई मी, माझा आवाज अख्ख्या गावाला ठाऊक. पण विशी ओलांडली आणि आकडे नाकातून यायला लागले. तिशीत जीभ लडबडली. त्याच्या पुढचा आवाज माझा नव्हताच. तो आत्याबाईंचा होता.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई त्याआधीच्या हिवाळ्यात वारल्या होत्या.

शेजारच्या खुर्चीवर आमचे हे बसले होते, गजानन. ते उठले आणि त्यांनी हात जोडले. डॉक्टरांना नाही, मला. म्हणाले, "आई, चुकलं माह्यं. पुन्हा दवाखान्यात आणलं तुले."

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझी डावी पापणी तोवर पूर्ण खाली आली होती. त्यांनी हातमोज्यात बर्फ भरून आणायला सांगितला आणि तो माझ्या मिटलेल्या डोळ्यावर धरून ठेवला. थोड्या वेळाने काढला, तर डोळा टक्क उघडा. याला आइस पॅक टेस्ट म्हणतात. बर्फाने बाहेरचं उतरतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"बसा दादा," डॉक्टर म्हणाले. "या तुमच्या आई नाहीत. यांना बहुतेक मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे."

नाव मोठं आहे, पण समजायला सोपं आहे. नसेकडून स्नायूला निरोप जातो आणि स्नायू हलतो. या आजारात आपल्याच रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, चुकून तो निरोप घेणारी जागा अडवतात. मी मनाशी गिरणीचा हिशोब लावला. मोटर चालू आहे, जातंही चांगलं आहे, पट्टा ढिला झालाय. थोडा वेळ दळतं, मग घसरतं. विसावा दिला की पुन्हा थोडं दळतं. म्हणून सकाळी माणूस धडधाकट असतो आणि दिवेलागणीला गळून पडतो.

दिवेलागणीला! आता सांगा, खेड्यात संध्याकाळी बाईचा डोळा मिटला, आवाज बदलला, मान पडली, तर लोक काय म्हणणार? कोणाच्या घरी असं काही सुरू झालं तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. वाचून हसलात तरी चालेल. मलाही आता कधीकधी हसू येतं, दिवसा.

सुरुवात जिन्यात झाली. म्हणजे त्याआधीही चिन्हं होती, पण ती आपण कुठे मोजतो? संध्याकाळी समोरून येणाऱ्या मोटारसायकलचे दोन दिवे दिसायचे. भाकर चावताना जबडा दमायचा. लोक विचारायचे, "काऊन वो मंदाबाई, झोप झाली नाई का?" मी म्हणायचे, तुमच्या दळणापायी.

सोयाबीन घरात यायचं होतं आणि खालच्या खोलीत पोती लावायला जागा हवी होती. त्या खोलीत आत्याबाईंची गादी होती. अर्धांगवायूने त्या पावणेदोन वर्षं त्या गादीवर होत्या. त्यांची उठबस, अंग पुसणं, खाऊ घालणं मीच केलं. त्या गेल्यावर शेजारच्या शांताकाकू म्हणाल्या, मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये, गावाबाहेर टाकून या. रीत तीच आहे. पण यांचं म्हणणं, आईचा जीव बुलढाण्याला दवाखान्यात गेला, गादीवर नाही गेला, मग गादीचा काय दोष? त्यात आमच्याच वावरातला कापूस होता, आत्याबाईंनी स्वतः सरकी काढून आणून भरून घेतलेला. यांनी गादी पिंजून घेतली, नवी खोळ चढवली आणि भिंतीला उभी करून ठेवली. आता ती माडीवर न्यायची होती.

कापसाची गादी जिन्यातून वर नेणं हे किती वैतागाचं काम आहे ते केलेल्यालाच कळेल. तिला धरायला जागा नाही. टोक उचललं की मधला भाग बसतो, मधला उचलला की टोकं पायात येतात. त्यात आमचा जिना म्हणजे शिडीचाच भाऊ, अरुंद, आणि मध्ये काटकोनात वळतो. हे वरून ओढत होते, मी खालून डोक्याने आणि हाताने रेटत होते. दिवसभर गिरणी चालवून मग हे काम काढलेलं. बाहेर दिवे लागले होते.

वळणावर गादी अडकली. मी दोन्ही हात वर करून रेटा दिला आणि हातांतला जीवच गेला. दुखलं नाही, मुंग्या आल्या नाहीत, काही नाही. हात आपले खाली आले आणि गादी माझ्यावर बसली. मी भिंतीशी दाबली गेले. तोंडावर खोळ, छातीवर भार, आणि तो भार ओळखीचा होता. आत्याबाईंना कुशीवर वळवताना त्या अंगावर कलंडायच्या, तेव्हा असाच यायचा. खरं सांगते, मला घाम फुटला. मी ओरडले, "गादी ओढा! ओढा न!"

माझ्या तोंडातून जे निघालं ते नाकातलं होतं, ओलं, तुटकं. मी स्वतः ते ऐकलं. माझ्या अंगावर काटा आला.

वर ओढणं थांबलं. मग यांचा आवाज आला, अगदी हळू. "आई?"

सांगा, मी काय उत्तर द्यावं? मी म्हणाले, "मी मंदा हाय." तेही त्याच आवाजात. वरून हे म्हणाले, "हाव आई. मंदा हाय खालीच."

शेवटी शांताकाकूंनी आणि यांनी मिळून मला बाहेर काढलं. गादी वळणावरच राहिली. रात्रभर झोपून सकाळी उठले तर मी ठणठणीत. चहा केला, यांना चार गोष्टी सुनावल्या, गिरणी चालू केली. संध्याकाळ झाली आणि डोळा मिटला, मान लवली, पाणी प्यायले तर नाकातून आलं. आत्याबाईंचंही पाणी असंच नाकातून यायचं. मग कोणाची खात्री पटायची राहिली? शांताकाकू म्हणाल्या, "गजानन, ती गादी आजच्या आज बाहेर टाक. बुढी त्या गादीत राह्यली हाय."

यांनी गादी वळणावरून खाली आणली खरी. पण टाकायला धजावले नाहीत. आता त्यांना वाटत होतं, आई आहे गादीत, आणि आईला गावाबाहेर टाकायचं कसं? त्यांनी ती आत्याबाईंच्या जुन्या कोपऱ्यात अंथरली आणि मला तिच्यावर निजवलं.

तिथून पुढच्या संध्याकाळी मी कोणाला सांगितल्या नव्हत्या. रोज दिवा लावून हे माझ्याशेजारी येऊन बसायचे. "आई, पाणी देऊ? पाय चेपू?" पाय चेपायचे. मी जागी असायचे, सगळं ऐकू यायचं, नुसतं अंग आणि तोंड माझं नसायचं. ते आईशी बोलायचे. कोणतं वावर पेरलं, बैलाचं काय झालं, बापाची आठवण. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, हा माणूस माझ्याशी कधी इतकं आणि इतक्या मऊ आवाजात बोलला नव्हता. मला ते ऐकावंसं वाटायचं. आणि भीतीही वाटायची, कारण डोळे किलकिले करून बघितलं तर मला दोन गजानन दिसायचे आणि त्यांच्यामागे भिंतीवर दोन सावल्या.

मुख्य भीती वेगळीच होती. आडवं झालं की मला श्वास पुरत नव्हता. अंधार पडल्यावर बोलता येत नसे, पण मी हाताने खुणा करायचे, मला दवाखान्यात न्या. त्यावर हे रडायला लागायचे. आत्याबाईंनी यांना हात धरून सांगितलं होतं की काहीही झालं तरी दवाखान्यात नेऊ नको, घरात मरू दे. शेवटी धाप लागल्यावर यांना राहवलं नाही, बुलढाण्याला नेलं. तिथल्या खाटेवर आत्याबाईंनी यांच्याकडे पाठ केली, ती केलीच. तशाच गेल्या. आता हे माझा हात धरून म्हणायचे, "नाई नेणार आई. तुही शपथ. या खेपेले नाई नेणार."

म्हणजे बघा. माझा नवरा मला जिवापाड जपत होता आणि त्यातच मी मरणार होते.

सकाळी मी चिखलीच्या डॉक्टरांकडे एकटी एस.टी.ने गेले. एकदा नाही, तीन वेळा. सकाळी दहाला माझ्यात काय सापडणार? रक्त चांगलं, शुगर चांगली, बीपी चांगलं. "टेन्शन घेऊ नका," म्हणाले, ताकदीची इंजेक्शनं दिली. मी म्हणाले, डॉक्टरसाहेब, संध्याकाळी माझ्यात सासू येते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आणखी एक गोळी लिहिली, झोपेची. बरं झालं ती घेतली नाही. नंतर कळलं, या आजारात झोपेच्या गोळीने श्वास अजून मंदावू शकतो.

तिसऱ्या वेळी परतताना एस.टी.त बसून विचार केला. ही येते कधी? संध्याकाळी. पण परवा जास्तीची दळणं होती तर दुपारीच आली. अमावस्येला दिवसभर पडून होते तर आलीच नाही. हे कसलं भूत, ज्याला अमावस्या कळत नाही आणि दळण कळतं! मला त्या दिवशी पहिल्यांदा जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच यांना उठवलं. आवाज माझा होता, चांगला फटकळ.

"ऐका. तुम्ही आईले दवाखान्यात नेणार नाई. नका नेऊ. मले न्या."

"तू तर चांगली हाय."

"सकाळी मी मीच हाय. हाय न? माह्याशी लग्न केलं न तुम्ही? मग मले न्या बुलढाण्याले."

"अन् तिथं आई आली तं?"

"आणाच लागते तिले. तिले पाह्यल्याबिगर डॉक्टर काय सांगन, कपाळ?"

हे उठले आणि शर्ट घातला. मी निघायच्या आधी गिरणी चालू केली. जेवढी दळणं होती तेवढी दळली, पिठाचे डबे उचलून ठेवले, वर बुलढाण्यापर्यंतच्या एस.टी.त सीट रिकामी असून उभी राहिले. हे म्हणत होते, बस न वो. मी बसले नाही. आत्याबाईंना मी अशी सोबत घेऊन गेले. पुढचं वर सांगितलंच आहे.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. पायरिडोस्टिग्मीन नावाची गोळी दर काही तासांनी घ्यायची असते. तिने निरोप पोचायला मदत होते. ती घेतली की अर्ध्यापाऊण तासात पापणी वर. रक्ताची अँटिबॉडीची तपासणी आणि छातीचा सी.टी. स्कॅन संभाजीनगरला व्हायचा होता. छातीत थायमस नावाची एक ग्रंथी असते, तिचा या आजाराशी संबंध असतो म्हणून ती बघतात.

स्कॅनच्या आधीच मला सर्दीताप झाला. गावात एक जण इंजेक्शन देतात, मी त्यांच्याकडे गेले आणि नव्या आजाराबद्दल बोलले नाही. इंजेक्शनला आणि आजाराला काय संबंध, असं मला वाटलं. संबंध असतो. काही अँटिबायोटिक या आजारात चालत नाहीत, आणि नुसत्या तापानेही आजार उसळतो. त्या इंजेक्शनने झालं की तापाने, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मला थुंकी गिळता येईना, मग श्वास घेता येईना. याला मायस्थेनिक क्रायसिस म्हणतात, म्हणजे श्वासाचे स्नायूच थकून थांबतात.

मी त्याच गादीवर होते. हे समोर उभे होते. माझा आवाज गेला होता, डोळे मिटले होते, यांना ओळखायला माझ्यातलं काहीच शिल्लक नव्हतं. मी वाट पाहत होते, हा माणूस आता काय म्हणतो. आई म्हणाला तर मी संपले.

ते म्हणाले, "मंदे, गाडी आली. चाल."

ते ऐकून मला जे वाटलं ते मला लिहिता येत नाही.

संभाजीनगरच्या आय.सी.यू.त मी व्हेंटिलेटरवर होते. व्हेंटिलेटर म्हणजे आपल्याऐवजी श्वास घेणारं मशीन, घशात नळी असते. आयव्हीआयजी नावाचं औषध सलाइनसारखं चढवलं, निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेलं. ती कोण माणसं होती मला माहीत नाही. त्यांचं भलं होवो.

तिथे एक गोष्ट कळली. पडलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं. सिस्टर डब्यात काय आणलं ते बोलत होत्या, एक शिकाऊ डॉक्टर माझ्या उशाशी उभं राहून म्हणाला, "हिचं काही खरं नाही." मी मनात म्हणाले, बाळा, तुझंच काही खरं नाही, थांब जरा. पण मिटल्या डोळ्यांआड आत्याबाई दिसायच्या. रागावलेल्या नाही, नुसत्या बाजूच्या खाटेवर, माझ्यासारख्याच छताकडे तोंड करून. दिवस आहे की रात्र ते कळायचं नाही. मी त्यांना घालवायचा प्रयत्न केला नाही. दोघी पडून राहिलो.

मी वाचले. पुढे थायमसचं ऑपरेशनही झालं. आजार गेला नाही, तो जात नाही, पण आवरतो. जड उचलायचं नाही, दमायचं नाही, गोळीची वेळ चुकवायची नाही. गिरणीवर आता हे बसतात, मी खुर्चीवर बसून हुकूम सोडते.

ज्यांना गरज असेल त्यांनी एवढं करा. पापणी पडत असेल, एकाचे दोन दिसत असतील, बोलताबोलता आवाज नाकात जात असेल, तर ते ज्या वेळी होतं त्या वेळचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. कुठलंही इंजेक्शन घेण्याआधी आजाराचं नाव सांगा. आणि घरच्यांनी काहीही म्हटलं तरी श्वास पुरत नसेल तर थांबू नका.

घरी आल्यावर मला माडीवर, वारा येतो तिथे ठेवायचं ठरलं. गादी पुन्हा जिन्यातून न्यायची होती. या वेळी यांनी तिची गुंडाळी केली, दोरीने आवळली आणि एकट्याने पाठीवर घेतली. मला हात लावू दिला नाही. मी मागून चढत होते, पायरी पायरी विसावा घेत. वळणावर ते थांबले. बराच वेळ थांबले. मी म्हणाले, "अडकली का?" ते म्हणाले, "नाई," आणि चढले.

मला वाटलं, आता हे सगळं मिटलं. माझं मिटलं होतं.

एका संध्याकाळी हे वर आले आणि माझ्याशेजारी बसले, खाली कोपऱ्यात बसायचे तसे. मी गोळीची पट्टी हातात घेतली होती. यांनी माझा हात धरला. खाली बघून म्हणाले, "मंदे, आजची गोळी जराशीक उशिरा घेतली तं चालते का?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. या माणसाला आई हवी होती. दवाखान्यातून मी परत आले, पण ती गेली होती, आणि तिने त्यांना माफ केलं की नाही ते अजून सांगितलं नव्हतं.

मी गोळी तोंडात टाकली. त्यांच्या देखत पाणी प्यायले, घटाघट. त्यांचा चेहरा पडला. मला राग आला नाही, आश्चर्य वाटतं. मी म्हणाले, "काय विचाराचं होतं तिले?"

"रागावली होती का ते."

आत्याबाईंचं बोलणं शेवटी फक्त मला कळायचं. बुलढाण्याच्या त्या खाटेपाशी मी होते. यांनी मला कधी विचारलं नव्हतं आणि न विचारलेलं सांगावं असं ते नव्हतं. खोटं सांगणं सोपं होतं. पण यांनी इतक्या संध्याकाळी माझे पाय चेपले होते.

"हाव, रागावल्या होत्या," मी म्हणाले. "लय. गज्यानं मले फसवलं म्हणे. तुमचं तोंड पाह्याचं नाई म्हणे."

यांनी मान खाली घातली.

"अन् तुम्ही खाटेखाली फरशीवर झोपले होते न, तवा चांगल्या हातानं सोताच्या अंगावरची चादर ओढून काढली अन् मले म्हणे, हे टाक त्याच्यावर, त्याले थंडी वाजते. मी टाकली. मंग पुन्हा भिंतीकडं तोंड केलं."

खाली गिरणी बंद होती, बाहेर दिवे लागले होते. यांनी डोळे पुसले आणि जरासे हसले.

"म्हंजे रागावलीच होती."

"हाव."

"मंग बरोबर," ते म्हणाले. "आईच होती ते." आणि गादीच्या कडेला आडवे होऊन, आत्याबाई गेल्यापासून पहिल्यांदाच, दिवेलागणीला गाढ झोपून गेले.